जुन्या फोर बाय फोरचं वजन: कागदावरचं आणि काट्यावरचं

पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांत जुन्या जीपला अजून काम आहे. एके काळी ट्रॅक्स आणि कमांडरवर चालणाऱ्या वडापनं इथली माणसं बाजारला, दवाखान्यात, शाळेत पोचवली. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता दावणीला लागल्यासारख्या परड्यात उभ्या असतात. त्या विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मंडळी साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत वाढली आहेत. कुणाला आजोबांची एमएम ५४० जिवंत ठेवायची असते, कुणी दिल्लीकडून जिप्सी आणलेली असते, कुणी लष्करी लिलावातली गाडी बघून ठेवलेली असते.

इंजिन बसतं, गिअरबॉक्स बसतो, रंगही होतो. मग आरटीओच्या अर्जात दोन वजनांचे रकाने समोर येतात आणि गाडं तिथं अडतं. एजंट म्हणतो, काहीतरी टाका. मित्र दुसऱ्याच्या आरसीचा फोटो पाठवतो. गॅरेजवाला म्हणतो, काट्यावर ने. हे तिन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि तिन्ही अपुरे आहेत. आरसीवरच्या वजनाला एक उगम असतो. तो कागदात शोधावा लागतो, अंदाजानं भरून चालत नाही.

‘आरसीवर तेराशे किलो आहे, म्हणजे तेराशे किलो भरता येतं’

खासगी जीपच्या आरसीवर जो आकडा हमखास सापडतो तो भाररहित वजनाचा, म्हणजे रिकाम्या गाडीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या आहे. गाडी चालवताना नेहमी सोबत असणारी सगळी साधनसामग्री धरायची, चालक आणि मदतनीस मात्र वगळायचे. एकाच गाडीला दोन प्रकारचे सांगाडे आलटून पालटून बसवले जात असतील, तर जो जड असेल तो बसवून वजन धरायचं. कापडी टपाच्या जीपला कुणी पावसाळ्यापुरतं पत्र्याचं टप चढवत असेल, तर त्यानं ही ओळ नीट वाचावी.

दुसरं वजन म्हणजे भारासहित एकूण वजन, कार्यालयीन बोलीत जीव्हीडब्ल्यू. गाडी, डिझेल, चालक, माणसं, पोती, सगळं मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त जेवढं असायची परवानगी आहे, तेवढं. ट्रकच्या अड्ड्यावर ‘नऊ टन पासिंग’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा नुसत्या मालाबद्दल बोलणं चालू असतं. आरसीवरचा जीव्हीडब्ल्यूचा आकडा गाडीसकट असतो.

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. भाररहित वजन १,३५० किलो आणि जीव्हीडब्ल्यू १,९५० किलो असेल, तर हातात उरतात ६०० किलो. रिकाम्या वजनात चालक धरलेला नाही, म्हणून त्याचं वजनही याच ६०० मधून जातं. पुढं विंच बसवली, मागं लोखंडी बंपर लावला, छतावर कॅरिअर टाकला की तेही यातूनच वजा होतं.

कायद्याच्या ११३ व्या कलमातली एक गोष्ट फार थोड्या मालकांना माहीत असते. भरलेली गाडी जीव्हीडब्ल्यूच्या वर गेली तर गुन्हा होतो, एवढं सगळे जाणतात. पण रिकाम्या गाडीचं प्रत्यक्ष वजन आरसीवरच्या भाररहित वजनापेक्षा जास्त भरलं, तरी त्याच कलमाचा भंग होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमात या भंगासाठी २०,००० रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड लिहिलेला आहे. म्हणून नोंदणीच्या वेळी भाररहित वजन कमी दाखवून कुणाचंही भलं होत नाही.

‘जीव्हीडब्ल्यूचा रकाना कोरा आहे, म्हणजे नोंद चुकली’

हा गैरसमज आपल्या भागात जास्त आहे आणि त्याचं कारणही आपल्याच भागातलं आहे. एकाच साली बनलेल्या दोन कमांडर शेजारी उभ्या करा. एकीच्या आरसीवर जीव्हीडब्ल्यू आणि आसांचं वजन दोन्ही सापडेल, दुसरीवर फक्त भाररहित वजन. गाड्या सारख्या, नोंदणी वेगळी.

नोंदणी करताना जीव्हीडब्ल्यू, आसांवरचा भार आणि टायरचा तपशील नोंदवण्याची सक्ती ५८ व्या कलमानं केली आहे, पण ती परिवहन वाहनांपुरती, आणि त्यातूनही मोटार कॅब वगळून. चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंतची टॅक्सी म्हणजे मोटार कॅब. सहाच्या वर बारापर्यंत प्रवासी असतील तर ती मॅक्सी कॅब. त्यामुळे दहा-बारा माणसांच्या परवान्यावर धावलेल्या ट्रॅक्सच्या पुस्तकात जीव्हीडब्ल्यू असतं, मालवाहू म्हणून नोंदलेल्या कॅम्परच्या पुस्तकात असतं, आणि पहिल्या दिवसापासून खासगी असलेल्या जीपच्या पुस्तकात ते नसूही शकतं. नोंदणीच्या अर्जाचा नमुना २० पाहिला तरी हेच दिसतं. भाररहित वजन सगळ्यांना विचारलेलं आहे, जीव्हीडब्ल्यू आणि आसांचे रकाने परिवहन वाहनांच्या भागात आहेत.

आता सगळं ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर आलं आहे. जुनी हस्तलिखित पुस्तकं तिच्यावर चढवताना, ज्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, मूळ पुस्तकात नसलेले रकाने कोरे राहतात, कधी शून्य पडतं, कधी एकच आकडा दोन्हीकडे जातो. कोरा रकाना ही चूक असेलच असं नाही. दोन्हीकडे एकच आकडा मात्र चूकच, कारण मग कागदोपत्री त्या गाडीत चालकानंही बसायचं नाही असा अर्थ होतो.

खासगीची मालवाहू किंवा मालवाहूची खासगी करून घेणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवेल. खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा इंजिनच्या सीसीवर ठरतो, मालवाहूचा जीव्हीडब्ल्यूवर.

‘काट्यावर नेली की दोन्ही वजनं मिळतात’

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला वजनकाटा शिकवायची गरज नाही. काटामारीवरून इथं आंदोलनं झाली आहेत, कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी उसाची गाडी बाहेरच्या काट्यावर करून घेण्याची मागणी इथल्याच शेतकऱ्यांनी लावून धरली आहे. काट्याची चिठ्ठी म्हणजे काय आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे आपल्याला पिढ्यांनी कळलेलं आहे. तेच शहाणपण जीपच्या वजनाला लावायचं.

काटा सांगतो ते आज, या क्षणी, या अवस्थेत गाडी किती भरते ते. भाररहित वजनाची खात्री करायला ही चिठ्ठी उत्तम पुरावा आहे. जीव्हीडब्ल्यू मात्र कुठल्याच काट्यावर मोजता येत नाही, कारण ती मोजायची वस्तूच नव्हे. ती मर्यादा आहे. चौकट, पुढचा-मागचा आस, पाटे, ब्रेक, चाकं आणि टायर यांतला सर्वांत दुबळा भाग किती झेपवतो ते पाहून बनवणारी कंपनी ती ठरवते आणि नोंदणी अधिकारी प्रमाणित करतो. गाडीत पोती भरून काट्यावर नेली आणि आकडा २,२०० आला, तर एवढंच कळतं की त्या दिवशी गाडीत तेवढं होतं.

वजन करताना काही गोष्टी सांभाळाव्यात. काटा वैधमापन विभागानं पडताळून शिक्का मारलेला असावा. ही पडताळणी दरवर्षी व्हावी लागते, आणि प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत लावलेलं असतं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी बसवलेले मोठे काटे १० किंवा २० किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतात. वीस टनांच्या ट्रॉलीत तेवढ्यानं बिघडत नाही, पण तेराशे किलोच्या जीपला २० किलोचा फरक जाणवतो. जवळपास लहान क्षमतेचा काटा असेल तर तो निवडा. गाडी चढवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का बघा. स्टेपनी, जॅक, पाना, टप जागेवर असू द्या, घरचं सामान काढा, चालकाला खाली उतरवा. इंधनाबद्दल कायद्याची व्याख्या काही बोलत नाही, म्हणून टाकी किती भरलेली आहे ते चिठ्ठीवर लिहून घ्या. साठ लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ पन्नास किलो. चिठ्ठीवर गाडीचा नंबर, नंबर नसेल तर चॅसिस क्रमांक, आणि तारीख हवीच.

जमल्यास फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवूनही एक वजन घ्या. पुढं विंच आणि जड बंपर बसवलेल्या गाड्यांत एकूण वजन मर्यादेत असूनही पुढच्या आसावर भार जास्त आलेला असतो, तो असाच उघडा पडतो.

‘चॅसिसच्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं’

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२२ व्या नियमानुसार गाडीवर चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि बनावटीचा महिना-वर्ष असावं लागतं. त्या यादीत वजन नाही. पाटीवर वजन आहे की नाही हे कंपनीवर आणि काळावर अवलंबून आहे, आणि तीस-चाळीस वर्षांत बॉनेटखालच्या पाट्या पत्रेकामात कुठल्या कुठे जातात.

मग शोधायचं कुठं? माझ्या मते पहिला मान नमुना २१ ला द्यावा. गाडी नवी घेताना विक्रेता जे विक्री प्रमाणपत्र देतो ते हे. त्यात भाररहित वजन, आसाचं कमाल वजन आणि जीव्हीडब्ल्यू या तिन्ही गोष्टींसाठी जागा आहे. खासगी गाडीच्या आरसीत जीव्हीडब्ल्यू उतरलं नसलं, तरी मूळ नमुना २१ मध्ये ते सापडण्याची शक्यता चांगली असते. घरातल्या जुन्या ट्रंकेत बँकेच्या कर्जाच्या कागदांसोबत हा कागद दडलेला असतो. पहिल्या मालकाचा पत्ता लागत असेल तर त्याच्याकडे चौकशी करायला लाजू नका.

दुसरी जागा म्हणजे ज्या कार्यालयात गाडी पहिल्यांदा नोंदली गेली तिथली नोंदवही. नियम ४९ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याला नमुना २४ मध्ये ती ठेवावी लागते. कराडचं कार्यालय नंतरचं. म्हणून पाटण-कराडच्या जुन्या जीपची मूळ नोंद एमएच-११ खाली साताऱ्यात असण्याची शक्यता मोठी. नोंदणीकृत मालक अर्ज करून तिचा उतारा मागू शकतो.

तिसरं साधन कंपनीचं वापरपुस्तक किंवा वर्कशॉप मॅन्युअल. इथं दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की पुस्तकातलं ‘कर्ब वेट’ आणि कायद्यातलं भाररहित वजन एकच असेलच असं नाही. कर्ब वेटमध्ये बहुधा भरलेली टाकी धरलेली असते, काही परदेशी पुस्तकांत चालकाचे ७५ किलोही. दुसरा खळगा व्हेरियंटचा. एकाच नावाच्या गाडीत साधी आणि फोर बाय फोर असे दोन प्रकार असतात. फोर बाय फोरला ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट जास्तीचे असल्यानं ती रिकामी असतानाच जड असते. एकूण मर्यादा दोघींची सारखी असेल, तर फोर बाय फोरमध्ये भरायला जागा कमी उरते. ‘फोर बाय फोर आहे, जास्त भार ओढते’ हे चिखलात खरं वाटतं, वजनाच्या हिशेबात उलटं पडतं. मित्राच्या साध्या बोलेरोच्या आरसीवरून आकडा उचलू नये तो यासाठीच.

कंपनीलाही लिहावं. महिंद्रा, मारुती, टाटा, फोर्स या कंपन्या हयात आहेत आणि चॅसिस क्रमांकावरून गाडी नेमकी कोणती ते त्यांना कळतं. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई या चाचणी संस्था १२६ व्या नियमाखाली नमुना-गाडीला मान्यता देतात, पण ते प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर असतं. म्हणून तिकडे थेट धावण्यापेक्षा कंपनीमार्फत मागणं सोपं.

फार जुन्या विलीजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वजनं पौंडात होती, दशमान पद्धत नंतर आली. पन्नासच्या दशकातल्या आरसी पुस्तकात २,४५० असा आकडा दिसला तर तो किलो समजू नका. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी तेलपाणी आणि भरल्या टाकीसह साधारण २,४५० पौंड, म्हणजे १,११० किलोच्या आसपास भरते. अशा जीपला ‘क्वार्टर-टन’ म्हणतात, त्यावरूनही घोटाळा होतो. पाव टन हा लष्करी वर्ग आहे, आडरानात किती सामान न्यायचं त्यावरून पाडलेला. पाव अमेरिकी टन म्हणजे ५०० पौंड, सव्वादोनशे किलोच्या जवळपास. त्याचा गाडीच्या वजनाशी संबंध नाही, तसाच एमएम ५४० मधल्या ५४० चाही नाही.

‘पाटे वाढवले, टायर मोठे टाकले, आता जास्तीचं पासिंग करून घेऊ’

नाही होत. कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कायदा बाजूला ठेवून नुसतं यंत्राकडे पाहिलं तरी हेच निघतं. जादा पाट्यांनी गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच राहतात. जुन्या जीपना बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि घाट उतरताना गाडीचं वजन जेवढं जास्त तेवढी उष्णता ड्रममध्ये जास्त साठते. ड्रम तापून फुगला की लायनर त्याच्यापासून लांब पडतो आणि पेडल खोल जातं. मोठ्या टायरनं भर पडते ती वेगळीच: चाकाची त्रिज्या वाढली की त्याच ड्रमला तीच गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. कुंभार्ली किंवा पसरणीच्या उतारावर, पावसात, मागं माणसं बसलेली असताना हा फरक जिवावर बेततो. जीव्हीडब्ल्यूचा आकडा कंपनीनं ब्रेक धरून ठरवलेला असतो, म्हणून मी त्याच्याबद्दल इतका आग्रही आहे.

लष्करी, बांधलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाड्या

अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात लष्करी जिप्सीबद्दल ओढ असणारच. ‘आर्मीच्या गाडीला कागद नसतात, वजन काट्यावरूनच धरतात’ हे मात्र खरं नाही. नियम ४७ मध्ये माजी लष्करी वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्यांकडचं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र स्पष्टपणे मागितलं आहे, आणि वजनांचे रकाने त्याच नमुन्यात आहेत. लिलावात बोली लावण्याआधी तो कागद मिळणार का आणि भरलेला मिळणार का, ते विचारून घ्या. इतर सरकारी खात्यांच्या गाड्यांबाबत जास्त जपायला हवं: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही.

हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी सुटे भाग जोडून जीपा बांधल्या जातात आणि देशभर जातात. त्यातल्या एखादीचं वजन अचूक करून आणलं, तरी तिच्या चौकटीला भार ठरवून देणारी कंपनीच नसेल तर जीव्हीडब्ल्यू येणार कुठून? आपल्याकडचं उदाहरण कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेचं. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली. त्या कारागिराच्या हाताबद्दल मला अतोनात आदर आहे. नोंदणीला लागतो तो रस्ता-योग्यतेचा नमुना २२ मात्र मान्यता मिळालेला उत्पादकच देऊ शकतो.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळा रस्ता दिला आहे. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. चौकट, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही, म्हणून पेट्रोल विलीजमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर हा रस्ता बंद. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही.

बाकीच्यांसाठी पंधरा वर्षांनंतर नमुना २५ वर नूतनीकरण आहेच. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो, नूतनीकरण पाच वर्षांचं असतं, आणि त्या वेळी मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर पाहतो. वजनाची नोंद दुरुस्त करून घ्यायची असेल तर हीच वेळ बरी: नमुना २१ ची किंवा कंपनीच्या पत्राची प्रत, मूळ नोंदीचा उतारा आणि काट्याची ताजी चिठ्ठी एकत्र जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गाडी परराज्यातून आणत असाल तर क्रम उलटा ठेवा. मूळ नोंद ज्या कार्यालयाची, चूकही त्याच कार्यालयानं सुधारायची असते. म्हणून नमुना २८ वरचं ना हरकत प्रमाणपत्र घेण्याआधी तिथंच वजनाचे रकाने तपासा आणि दुरुस्त करून घ्या. एनओसी निघून गाडी साताऱ्याला पोचल्यावर तोच चुकीचा आकडा नव्या आरसीवर उतरतो, आणि मग एका ओळीच्या दुरुस्तीसाठी दोन राज्यांत पत्रव्यवहार करावा लागतो.